मोटारवाहू नौका आणि प्रादेशिक प्रवासव्यवसाय : वैनगंगा–प्राणहिता खोऱ्याचा विचार

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांची मांडणी नद्यांनी केली आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, तेव्हा वैनगंगा ही बऱ्याच अंतरापर्यंत दोहोंमधील सीमा ठरली. चपराळ्याजवळ वर्धा वैनगंगेस मिळते आणि तेथून पुढे त्या संयुक्त प्रवाहास प्राणहिता हे नाव प्राप्त होते. सुमारे ११३ किलोमीटर वाहून प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. या साऱ्या अंतरात तिचा एक तीर महाराष्ट्रात व दुसरा तेलंगणात आहे. संगमाखाली काही अंतरावर छत्तीसगडच्या सीमेवरून येणारी इंद्रावती गोदावरीत प्रवेश करते. अशा रीतीने सिरोंचा तालुका तीन नद्या व तीन राज्ये यांच्या सांध्यावर वसला आहे.

अशा प्रदेशात प्रवासव्यवसायाची वाढ करावयाची असेल, तर मोटारी व माणसे यांना एका तीरावरून दुसऱ्या तीरावर नेणाऱ्या नौकांचा उपयोग होऊ शकेल काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. कोकणात व गोव्यात अशा नौका वर्षानुवर्षे चालत आहेत आणि तेथील प्रवासव्यवसायास त्यांचा लाभ झाला आहे. तथापि खाडीवरील अनुभव नदीवर जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून या नौकांमुळे प्रवासव्यवसायास नेमका कशाने लाभ होतो आणि ते कारण प्रस्तुत खोऱ्यात कितपत विद्यमान आहे, याचा विचार करणे अवश्य आहे.

मोटारवाहू नौकेचे स्वरूप

मोटारवाहू नौका, म्हणजे कोकणात व गोव्यात जिला लोक फेरीबोट म्हणतात ती, सपाट तळाची व रुंद असते. तिच्या टोकाशी खाली सोडता येणारी लोखंडी फळी बसवलेली असते. नौका काठास लागली की फळी उतरत्या धक्क्यावर टेकते आणि वाहने स्वतःच्या चाकांवर आत चढतात. माल उतरवून घेण्याची अथवा यारीने वाहन उचलण्याची आवश्यकता राहत नाही. तळ सपाट असल्याने थोड्या पाण्यातही ती तरंगते. मात्र ‘थोडे पाणी’ याचाही काही किमान खोलीशी संबंध आहे आणि ती खोली वर्षातील बहुतेक दिवस मिळावी लागते.

ही व्यवस्था यशस्वी होण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, रस्त्याने जाण्याचा वळसा मोठा असला पाहिजे. दुसरी, पाणी पुरेसे व भरवशाचे असले पाहिजे. तिसरी, दोन्ही तीरांवर उतरता धक्का बांधता यावा आणि तेथपर्यंत मोटारीचा रस्ता पोहोचलेला असावा. यांपैकी एकही गोष्ट नसल्यास नौका चालू होते, पण टिकत नाही. गुजरातेतील घोघा–दहेज सेवेचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. ती २०१७ साली मोठ्या अपेक्षेने सुरू झाली. खंभातच्या आखातामुळे रस्त्याचा वळसा प्रचंड असल्याने पहिली अट पूर्ण होत होती. परंतु दहेजच्या बाजूस गाळ साचू लागला, खोली राहिली नाही आणि सेवा बंद करावी लागली. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये घोघा ते हजिरा असा नवा मार्ग स्वीकारण्यात आला.

कोकणातील व गोव्यातील अनुभव

कोकणकिनारा खाड्यांनी तुटलेला आहे. एका खाडीच्या मुखाशी समोरासमोर दिसणाऱ्या दोन गावांमध्ये रस्त्याने जावयाचे तर खाडीच्या माथ्यापर्यंत आत जाऊन परत किनाऱ्यास यावे लागे. २००३ साली वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ व धोपावे यांच्या दरम्यान मोटारवाहू फेरीबोट सुरू झाली आणि दापोली व गुहागर हे दोन तालुके एकमेकांचे खरे शेजारी झाले. बाणकोट खाडीवर वेसवी–बागमांडला, राजपुरी खाडीवर दिघी–आगरदांडा आणि जयगड खाडीवर तवसाळ–जयगड असे मार्गही सुरू झाले. त्यांच्या योगाने किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करणे शक्य झाले. २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी घेऊन जाणारी मोठी नौकाही चालू आहे.

या अनुभवातील महत्त्वाची गोष्ट वेळेच्या बचतीपुरती नाही. पूर्वी जो प्रवासी दापोलीस येऊन परत फिरे, तो आता गुहागरास जातो आणि पुढे गणपतीपुळ्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे अलग असलेली ठिकाणे एका साखळीत गुंफली गेली. प्रत्येक ठिकाणचे आकर्षण पूर्वी होते तेवढेच राहिले, पण साखळीमुळे प्रवाशाचा मुक्काम वाढला.

राज्यसीमेच्या दृष्टीने केरी–तेरेखोल ही फेरी अधिक उद्बोधक आहे. तेरेखोल नदी बऱ्याच अंशी गोवा व महाराष्ट्र यांची सीमा आहे. परंतु नदीच्या उत्तरेस, महाराष्ट्राच्या भूमीला लागून, तेरेखोलचा किल्ला व गाव गोव्याच्या ताब्यात आहेत. १७४६ साली पोर्तुगीजांनी हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, त्याचा हा परिणाम. गोव्याच्या नदी परिवहन खात्याची फेरीबोट मुख्यतः तेरेखोलच्या रहिवाशांना आपल्याच राज्यात जाता यावे म्हणून चालते. शिरोडा व रेडी पाहून गोव्यात उतरणारा प्रवासी तिचा लाभ घेतो, पण ती त्याच्यासाठी काढलेली नाही. रहिवाशांसाठी चालणाऱ्या नौकेत प्रवाशाची सोय होते, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पूल झाल्यावर नौकेचे काय होते ?

पूल बांधला की नौका निरुपयोगी होते, असा सर्वसाधारण समज आहे. वाहतुकीपुरता तो बहुधा खरा असतो, परंतु सर्वत्र नाही. डेन्मार्क व स्वीडन यांच्यामधील सामुद्रधुनीवर जुलै २००० मध्ये मोठा पूल खुला झाला. तरीही त्याच्या उत्तरेस हेल्सिंगोर व हेल्सिंगबोर्ग या दोन गावांमधील मोटारवाहू नौका चालूच राहिल्या. पूल तेथून दूर आहे हे एक कारण आणि त्या दोन गावांचा परस्परांशी नित्याचा व्यवहार आहे हे दुसरे. जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील कॉन्स्टन्स सरोवरातही फ्रीड्रिक्सहाफेन ते रोमान्सहॉर्न अशी मोटारवाहू नौका चालते आणि सरोवराभोवतीच्या सहलीचा ती एक भागच मानली जाते.

पूल व नौका यांच्यात प्रवासव्यवसायाच्या दृष्टीने एक मूलभूत फरक आहे. पूल वाहनास थांबू देत नाही. नौका त्यास थांबावयास लावते. काठावर वाट पाहणारा प्रवासी चहा घेतो, जेवतो, चौकशी करतो, समोरच्या तीराकडे पाहतो. या अर्ध्या-पाऊण तासातच काठावरच्या गावाचे उत्पन्न असते. दुसरे असे की, पुलावरून किती वाहने जावीत यास मर्यादा नाही, तर नौकेस ठरावीक वाहनेच घेता येतात. शहरांच्या दृष्टीने हा नौकेचा दोष होय. वनप्रदेशात मात्र तोच गुण ठरू शकतो, कारण तेथे येणाऱ्या वाहनांची संख्या मर्यादित राहणे हेच हिताचे असते.

गोदावरीच्या जलमार्गाचा पूर्वेतिहास

प्राणहिता व गोदावरी यांच्या पाण्यावरून दळणवळण करण्याची कल्पना नवी नाही. १८६० साली निजामाशी झालेल्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील मुलूख ब्रिटिश सरकारकडे आला आणि या जलमार्गावरील व्यापार जकातीतून मुक्त करण्यात आला. सिरोंचा हे ‘अप्पर गोदावरी’ नामक जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. वर्धेच्या खोऱ्यातील कापूस नद्यांच्या मार्गाने पूर्व किनाऱ्यास न्यावा, अशी योजना होती व सर आर्थर कॉटन यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. परंतु मार्गात तीन ठिकाणी खडकांचे अडथळे होते : दुम्मागुडेम येथे, इंद्रावतीच्या संगमाखाली इचमपल्लीजवळ व प्राणहितेवर देवलमरी येथे. ते ओलांडण्यासाठी बंधारे व कालवे यांची कामे हाती घेण्यात आली. दरम्यान १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली, कापूस मुंबईकडे वळला आणि १८७१ साली योजना सोडून देण्यात आली. १८७४ साली तो जिल्हाही मोडला व सिरोंचा चांदा जिल्ह्याची एक तहसील बनली.

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. नदीस वर्षभर पाणी नसणे व पात्रात खडक असणे या अडचणी निसर्गाने घातलेल्या आहेत व केवळ इच्छेने दूर होत नाहीत. शिवाय, दूरच्या व्यापारासाठी आखलेला जलमार्ग त्याहून जलद साधन निघताच ओस पडतो. काठाकाठांचा व्यवहार मात्र चालू राहतो. मोठी योजना गेली, पण डोंगे राहिले.

सद्यःस्थिती

हे डोंगे आजही आहेत. २०१० नंतरच्या दशकात सिरोंचा परिसरात प्राणहिता, गोदावरी व इंद्रावती या तिन्ही नद्यांवर मोठे पूल झाले. निजामाबाद–जगदलपूर हा राष्ट्रीय महामार्ग सिरोंच्यावरून जातो आणि साकोलीहून गडचिरोली–आलापल्लीमार्गे येणारा महामार्ग गोदावरी ओलांडून कालेश्वरास पोहोचतो. पूर्वी जे कालेश्वर नावेने गाठावे लागे, तेथे आता मोटारीने काही मिनिटांत जाता येते. लांब पल्ल्याच्या वाहतुकीचा प्रश्न अशा रीतीने पुष्कळसा सुटला आहे. त्यामुळे सिरोंच्यासमोर वाहतुकीकरिता मोटारवाहू नौका घालण्यात अर्थ उरलेला नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

परंतु पूल महामार्गांवर झाले, आणि नदीकाठची गावे महामार्गांवरच वसलेली नाहीत. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर अशी अनेक गावे आहेत की, समोरच्या गावी शेतमजुरीस, बाजारास अथवा सोयरिकीस जाण्यासाठी त्यांना डोंग्याचाच आधार आहे. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथून मिरचीच्या तोडणीसाठी पलीकडे निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटली व त्यात अनेक स्त्रियांचा अंत झाला. या घटनेने नौकेच्या प्रश्नाची खरी बाजू समोर आणली. प्रवाशांना येथील नौकेत सौंदर्याचा आस्वाद घ्यावयाचा असतो. गावकऱ्यांना तीत बसून जिवंत पोहोचावयाचे असते.

प्रदेशाची आकर्षणे

या खोऱ्यात पाहण्यासारखे काय आहे, याची गणना विस्ताराने करण्याचे कारण नाही, परंतु तिची भौगोलिक रचना ध्यानात घ्यावी लागेल. चंद्रपूरच्या बाजूस ताडोबा आहे. त्यास १९५५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९९५ साली ताडोबा–अंधारी व्याघ्रप्रकल्प अस्तित्वात आला. देशभरातून प्रवासी तेथे येतात आणि बहुतांशी तेथूनच परत जातात. वैनगंगेच्या डाव्या तीरावर मार्कंडा येथे प्राचीन शिवमंदिरांचा समूह असून महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. दक्षिणेस चपराळ्याचे अभयारण्य, आलापल्लीचे सागवान, कमलापूरचे हत्ती, हेमलकशाचा १९७३ पासून चालू असलेला लोकबिरादरी प्रकल्प व भामरागडचा त्रिवेणी संगम ही स्थळे आहेत. प्राणहितेच्या पलीकडच्या तीरावर तेलंगणाचे प्राणहिता अभयारण्य आहे. कालेश्वरास एकाच शाळुंकेत दोन लिंगे असलेले मंदिर असून दर बारा वर्षांनी येणाऱ्या पुष्करपर्वास अपार गर्दी होते. प्राणहितेचे पुष्कर एप्रिल २०२२ मध्ये झाले आणि गोदावरीचे पुष्कर २०२७ मध्ये येत आहे.

याखेरीज एक आकर्षण असे आहे की, ते दोन्ही तीरांवर विभागलेले आहे. प्राणहिता–गोदावरीचे खोरे भूगर्भशास्त्रज्ञांस शतकाहून अधिक काळ परिचित आहे. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांनी सिरोंच्याजवळील कोटा येथील जीवाश्मांकडे एकोणिसाव्या शतकात लक्ष वेधले. याच खोऱ्यात १९५८ पासूनच्या उत्खननात सापडलेल्या प्रचंड सरीसृपाच्या अस्थींवरून ‘बारापासॉरस टागोराय’ ही जाती १९७५ साली वर्णिली गेली व त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभारण्यात आला. वडधम येथे आता जीवाश्म उद्यान आहे. खडकांना राज्यसीमा ठाऊक नसते. या खोऱ्याची कथा पूर्ण समजून घ्यावयाची तर दोन्ही तीर पाहणे आवश्यक आहे.

तात्पर्य, उत्तरेस ताडोबा, दक्षिणेस कालेश्वर व पूर्वेस बस्तर अशी तीन प्रवासमंडळे आहेत आणि गडचिरोली जिल्हा त्यांच्या मध्यभागी आहे. नक्षलवादी हिंसाचारामुळे प्रवासी दीर्घकाळ या मध्यभागापासून दूर राहिला. आता पुलांमुळे तो येथून जाऊ लागला आहे, पण जातो तो न थांबता. प्रवासव्यवसायाची खरी अडचण हीच आहे.

नदीच्या मर्यादा

या अडचणीवर नौका हा उपाय सुचवण्यापूर्वी नदीची प्रकृती पाहावी लागेल. खाडीस भरती-ओहोटीमुळे दिवसातून दोनदा पाणी मिळते. वैनगंगा व प्राणहिता यांस ते वर्षातून चारच महिने भरपूर मिळते. पावसाळ्यात पूर इतके मोठे असतात की जुलै २०२२ मध्ये सिरोंचा तालुक्यातील अनेक गावे पाण्याने वेढली गेली. उन्हाळ्यात तेच पात्र वाळूचे होते व लोक पायी उतरतात. या दोन टोकांमधील पाण्याच्या पातळीचा फरक कित्येक मीटरांचा असल्याने पक्का धक्का एका पातळीवर बांधून चालत नाही. तरंगता धक्का अथवा पाण्याबरोबर पुढेमागे सरकवता येणारी फळी वापरावी लागते.

बंधाऱ्यांच्या मागे साठणाऱ्या पाण्याने ही उणीव भरून निघेल, अशी अपेक्षा होती. संगमाखाली मेडीगड्डा येथे ८५ दरवाजांचा बंधारा २०१९ साली कार्यान्वित झाला. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही स्तंभ खचले आणि त्यानंतर दरवाजे उघडे ठेवावे लागले. त्यामुळे त्या पाण्याच्या भरवशावर नौकेची योजना आखणे धोक्याचे ठरेल. शिवाय याच पाण्याने सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी बाधित झाल्या असून त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. ज्या पाण्याने शेती बुडाली त्या पाण्यावर सहलीची नौका चालवावयाची, तर त्या शेतकऱ्यांचा विचार आधी झाला पाहिजे. त्या मानाने वैनगंगेवर चामोर्शी तालुक्यातील चिचडोह बंधाऱ्याच्या मागे पावसाळ्यानंतर अडणारे पाणी अधिक उपयोगी वाटते, कारण नदीचा तो भाग दोन जिल्ह्यांमधील नित्याच्या ये-जा मार्गावर आहे.

या मर्यादेतही एक अनुकूल गोष्ट आहे. नदीस पाणी असण्याचा व प्रवासी येण्याचा काळ बराचसा एकच आहे. पावसाळ्यात ताडोबाचा गाभा बंद असतो. ऑक्टोबरपासून प्रवासी येऊ लागतात आणि साधारण माघापर्यंत नदीत नौकेपुरते पाणी असते. तेव्हा बारमाही सेवेचा आग्रह सोडून ऋतुमानानुसार चालणारी सेवा आखल्यास ती निसर्गाशी सुसंगत ठरेल.

कायदा व व्यवस्था

दोन राज्यांमधील नौकासेवेत पूर्वी नोंदणीची अडचण असे. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय नौका अधिनियमाने एका राज्यातील नोंदणी सर्व राज्यांत ग्राह्य धरली आहे. त्यापूर्वी २०१६ च्या कायद्याने वैनगंगा–प्राणहिता हा प्रवाह राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत समाविष्ट झाला. यामुळे पाया घातला गेला असला, तरी यादीत नाव येणे व पात्रात पाणी असणे या भिन्न गोष्टी आहेत. अभयारण्यांतून जाणाऱ्या भागात वनखात्याची अनुमती व काठावरील ग्रामसभांची संमती यांवाचून कोणतीही योजना पुढे जाऊ नये, हे उघड आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न चालकांचा आहे. या नद्यांवर ढिवर, भोई आदी समाज पिढ्यान्‌पिढ्या नावा चालवीत आले आहेत. पात्रातील डोह, खडक व वाळूचे बदलते पट्टे यांचे ज्ञान त्यांच्यापाशी आहे. मोटारवाहू नौका बाहेरच्या ठेकेदाराने आणली व त्यांच्या डोंग्यांवर बंदी आली, तर प्रवासव्यवसाय वाढेल, पण काठावरचे एक जुने उपजीविकेचे साधन नष्ट होईल. उलट त्यांच्या सहकारी संस्थांकडे सेवा सोपवून शिक्षण, जीवरक्षक साधने व विमा यांची तरतूद केल्यास हे ज्ञान व नवे साधन यांची सांगड बसेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, या खोऱ्यात मोटारवाहू नौकेचे स्थान महामार्गाच्या पुलाशेजारी नसून दोन पुलांमधील अंतरात आहे. पहिली सेवा राज्यसीमेवर न घालता वैनगंगेवर, चंद्रपूर व गडचिरोली यांच्या दरम्यान, जेथे मजूर व विद्यार्थी रोज ओलांडतात अशा ठिकाणी घालावी. तेथे एक-दोन मोटारी व पुष्कळ माणसे नेणारी लहान, सुरक्षित नौका पुरेशी होईल. ताडोबाहून मार्कंड्यास येणारा प्रवासी तिचा लाभ आपोआप घेईल. त्या अनुभवानंतर प्राणहितेवर अभयारण्ये व जीवाश्मस्थळे जोडणारी ऋतुपरत्वे चालणारी सेवा तेलंगणाच्या सहकार्याने आखता येईल. २०२७ च्या पुष्करात काठांवर होणारी गर्दी पाहता, सुरक्षित नौका व धक्के यांचा विचार त्यापूर्वीच व्हावयास हवा.

तेरेखोलची फेरीबोट रहिवाशांसाठी चालते म्हणून ती वर्षभर चालते, आणि वर्षभर चालते म्हणूनच प्रवाशास उपलब्ध असते. केवळ हौशी प्रवाशाच्या भाड्यावर अवलंबून असलेली नौका हंगाम संपताच काठास बांधली जाते. वैनगंगेवरील नौकेत मिरची तोडणीस जाणाऱ्या स्त्रीस पहिली व निर्धोक जागा मिळाली, तर प्रवाशासाठी दुसरी जागा निर्माण करणे कठीण जाणार नाही. हा क्रम उलटा लावल्यास मात्र दोघांनाही जागा मिळण्याची शक्यता फारशी नाही.